सतरा तास की पावणेएकोणीस? दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ घरबसल्या कसा काढायचा

गेल्या महिन्यात भाच्याचा मेसेज आला. ‘मावशी, सिंगापूर ते न्यूयॉर्क नेटवर १५,३४५ किलोमीटर दाखवतंय. विमान ताशी ९०० ने जातं म्हणतात. भागलं तर सतरा तास येतात. तिकिटावर मात्र पावणेएकोणीस तास लिहिलेत. मधले पावणेदोन तास गेले कुठे?’

प्रश्न मला फार आवडला, कारण माझं अख्खं नोकरीचं आयुष्य या पावणेदोन तासांतच गेलं. बावीस वर्षं मी एका विमान कंपनीच्या डिस्पॅच विभागात होते. वैमानिक विमानात चढण्याआधी त्याच्या हातात जो फ्लाइट प्लॅन पडतो, तो बनवणाऱ्या माणसांपैकी मी एक. भाच्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. साधा कॅल्क्युलेटर पुरेल, पण त्यात साइन-कोसाइनची बटणं हवीत. जवळ पृथ्वीचा गोल असला तर फारच उत्तम.

सुरुवात करायची ती विमानतळ नक्की कोणता, इथून. हसू नका. जगात सिडनी दोन आहेत. एक ऑस्ट्रेलियातली, एक कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियातली. ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणून निघून कॅनडातल्या सिडनीला उतरलेली माणसं खरोखर आहेत. सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टा रिकातही. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे तसं अमेरिकेतल्या अलाबामातही आहे. म्हणून गावाचं नाव सोडा आणि तिकिटावरचा तीन अक्षरी कोड धरा. एकाच शहरात दोन-तीन विमानतळ असले तर तेही बघा. टोकियोचे हानेदा आणि नारिता एकमेकांपासून साठेक किलोमीटरवर आहेत. दहा हजार किलोमीटरच्या हिशेबात साठाने काही बिघडत नाही, पण पुढचं विमान दुसऱ्या विमानतळावरून असेल तर सगळंच बिघडतं.

मग त्या विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. नकाशाच्या कुठल्याही ॲपमध्ये मिळतात. इथे चुकणारे लोक मी शेकड्याने पाहिलेत, आणि चूक नेहमी एकच: अंश-मिनिटं आणि दशांश यांची खिचडी. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचा अक्षांश ४० अंश ३८ मिनिटं आहे. तो ४०.३८ होत नाही. मिनिटांना साठने भागायचं, म्हणजे ३८ भागिले ६० बरोबर ०.६३, आणि अक्षांश झाला ४०.६३. वरचे सेकंद धरले तर ४०.६४. तुम्ही ४०.३८ लिहिलंत तर विमानतळ २९ किलोमीटर दक्षिणेला, थेट समुद्रात जाऊन पडतो. दुसरी गोष्ट चिन्हांची. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे धरायचे. एक उणे विसरलात तर विमान भलत्याच गोलार्धात उतरतं.

आधी दोरा, मग सूत्र

आमच्या ऑफिसात एक जुना गोल होता. पॅसिफिकच्या मधोमध पोचा आलेला, आस थोडी सैल झालेली. संगणक आल्यावर त्याला कुणी विचारत नव्हतं. तरी नवीन मुलं रुजू झाली की पहिल्या दिवशी मी तो टेबलावर ठेवायचे आणि हातात शिवणाचा दोरा द्यायचे. म्हणायचे, सिडनी ते सँटियागो विमान कसं जाईल ते दाखवा. ऑस्ट्रेलियातली सिडनी आणि चिलीची राजधानी, बरं का. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर, ३३-३४ अंश दक्षिणेला. मुलं दोरा सिडनीवर धरायची, बोटाने आडवी सरळ रेघ मारत पॅसिफिक ओलांडायची आणि सँटियागोवर टेकवायची. मग मी सांगायचे, आता दोन्ही टोकं घट्ट धरून ओढा.

दोरा ताणला की तो आपोआप घसरतो. पॅसिफिकमधून खाली, आणखी खाली, न्यूझीलंडच्याही दक्षिणेला, पार ६२ अंश दक्षिणेपर्यंत. तिथून अंटार्क्टिकाचा किनारा फार लांब राहत नाही. मुलांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. ताणलेल्या दोऱ्याने घेतलेली ती वाट म्हणजे महावृत्त, गोलावरचं सर्वांत कमी अंतर. आडव्या रेघेने गेलात तर सुमारे १२,७७५ किलोमीटर पडतात, दोऱ्याच्या वाटेने ११,३४०. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच वाट भलामोठा वळसा घातल्यासारखी दिसते, कारण ध्रुवाजवळचा भाग त्या नकाशात ताणून रुंद केलेला असतो. विमानातल्या पडद्यावर वाट वाकडी दिसली की शेजारचा प्रवासी ‘हे असं फिरून का नेतायत’ म्हणून कुरकुरतो, त्याचं मूळ या नकाशात आहे.

दोऱ्यावरून किलोमीटर काढणं अगदी सोपं. दोन विमानतळांमध्ये ताणलेला दोरा तेवढ्याच लांबीवर चिमटीत पकडायचा, उचलून विषुववृत्तावर ठेवायचा आणि खाली किती अंश भरतात ते मोजायचं. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. सिडनी–सँटियागो १०२ अंश भरतो. १०२ गुणिले १११ म्हणजे ११,३२२. लहानशा गोलावर, शिवणाच्या दोऱ्याने, चूक वीसेक किलोमीटरची! एक अंश १११ किलोमीटरच का, तर किलोमीटर मुळात ठरवला तेव्हाच विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचं अंतर १०,००० किलोमीटर धरलं होतं, आणि त्या अंतरात ९० अंश बसतात. आम्ही लोक किलोमीटरऐवजी नॉटिकल मैल वापरतो. एक अंशाचे साठ भाग, प्रत्येक भाग एक नॉटिकल मैल, म्हणजे १,८५२ मीटर. त्यामुळे अंशांना साठने गुणलं की झालं. ही सवय लागली की किलोमीटर अडाणी वाटायला लागतात, पण ते असो.

आता सूत्र. पहिल्या विमानतळाचा अक्षांश अ, दुसऱ्याचा ब, आणि दोघांच्या रेखांशांतला फरक फ असं समजा.

अंतराचा कोसाइन = (साइन अ × साइन ब) + (कोसाइन अ × कोसाइन ब × कोसाइन फ)

आलेल्या उत्तराचा उलटा कोसाइन घेतला की अंश मिळतात, त्यांना १११.२ ने गुणायचं. लंडनचा हीथ्रो आणि जेएफके घेऊन एकदा करून बघू. हीथ्रोचा अक्षांश ५१.४८, जेएफकेचा ४०.६४. रेखांश ०.४६ पश्चिम आणि ७३.७८ पश्चिम, दोन्ही एकाच बाजूचे म्हणून फरक ७३.३२. साइनचा गुणाकार ०.५१० येतो. कोसाइनच्या तिघांचा गुणाकार ०.१३६. बेरीज झाली ०.६४५, तिचा उलटा कोसाइन ४९.८ अंश. अंतर साधारण ५,५४० किलोमीटर. पृथ्वी विषुववृत्तापाशी जराशी फुगलेली आहे आणि ध्रुवांपाशी दबलेली, ती तफावत धरून हिशेब करणाऱ्या साइटवर तुम्हाला ५,५५५ च्या आसपासचा आकडा दिसेल. तेवढ्या पंधरा किलोमीटरांसाठी जीव काढू नका. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जातं म्हणून त्याचं वर्तुळ मोठं होतं, अशी शंकाही नवीन मुलं हमखास काढायची. होतं मोठं, पण दर हजार किलोमीटरला पावणेदोन किलोमीटर इतकंच.

स्प्रेडशीटमध्ये करणार असाल तर माझी एक जुनी चूक सांगून ठेवते. स्प्रेडशीटची साइन-कोसाइन फंक्शन्स अंश ओळखत नाहीत, त्यांना रेडियन, म्हणजे कोन मोजायचं दुसरं माप, लागतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्रपाळीत मी हीथ्रो–जेएफकेचे अंश तसेच भरले आणि उत्तर आलं सुमारे ७,७०० किलोमीटर. उणे आलं असतं किंवा लाखात आलं असतं तर लगेच कळलं असतं. ७,७०० हा आकडा कसा सभ्य माणसासारखा दिसतो! मी तो वापरून पुढचं इंधन काढायलाही घेतलं होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी नुसतं गोलाकडे बोट दाखवलं. दोरा लावला, पन्नास अंश भरले, म्हणजे साडेपाच हजार. तेव्हापासून दोरा आधी, सूत्र नंतर. आणखी एक कुंपण लक्षात ठेवा: पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन जागांमधलं सर्वांत कमी अंतर २०,०१५ किलोमीटरच्या वर जाऊच शकत नाही. त्याहून जास्त आलं तर उत्तर खोडा आणि पहिल्यापासून सुरू करा.

भाच्याच्या सिंगापूर–न्यूयॉर्कला तर सूत्राचीही गरज नाही, आणि हे गणित मला फार गोड वाटतं. सिंगापूर १०४ पूर्व, जेएफके ७३.८ पश्चिम. बेरीज १७७.८, म्हणजे दोघं जवळजवळ पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंना. अशा वेळी सर्वांत जवळची वाट सरळ उत्तर ध्रुवाच्या अंगावरून जाते. मग काय, सिंगापूरपासून ध्रुवापर्यंत ९० वजा १.३५, ध्रुवापासून जेएफकेपर्यंत ९० वजा ४०.६४. बेरीज १३८ अंश, गुणिले १११.२ म्हणजे १५,३४५. तोंडी.

हरवलेले पावणेदोन तास

आता वेळ. तिकिटावरचा वेळ हा विमान हवेत असण्याचा वेळ नसतो. चाकांना लावलेले चॉक्स, म्हणजे अडवणाऱ्या पाचरी, काढून विमान गेटपासून हललं की घड्याळ सुरू, आणि पलीकडच्या गेटला थांबून चॉक्स लागले की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. कॅप्टन माइकवरून जो ‘फ्लाइट टाइम’ सांगतो तो बहुधा फक्त हवेतला असतो, म्हणून तो तिकिटापेक्षा कमी निघतो. ‘आज कॅप्टन लवकर पोचवणार’ असं समजून लोक खूश होतात. होऊ द्या.

माझा अंदाजाचा नियम असा: महावृत्ताच्या अंतरात चार टक्के मिळवा, त्याला ताशी ८८० ने भागा, वर चाळीस मिनिटं ठेवा. ८८० मोठ्या, खुर्च्यांमधे दोन वाटा असलेल्या विमानांसाठी. मधे एकच वाट असलेल्या छोट्या जेटना ८०० धरा. वाऱ्याचं नंतर बघू.

चार टक्के कशाचे, तर विमान दोऱ्यावरून चालत नाही. निघताना धावपट्टी ज्या दिशेला असेल तिकडे उडतं, मग वळतं. ठरलेल्या हवाई मार्गांवरून जातं, वादळं टाळतं, उतरताना रांगेत लागतं. दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक बंधन असतं: एक इंजिन बंद पडलं तरी ठराविक मिनिटांत कुठल्यातरी विमानतळावर उतरता यायला हवं. ती मिनिटं १२०, १८० किंवा त्याहून जास्त, विमानाचा प्रकार आणि कंपनीची परवानगी यांवर अवलंबून. वर अटलांटिकमध्ये आइसलँड आणि ग्रीनलंड मदतीला असतात, त्यामुळे तिथे हे फारसं जाणवत नाही. सिडनी–सँटियागोच्या वाटेवर मात्र खाली नुसतं पाणी.

कधीकधी चार टक्के हा शुद्ध विनोद ठरतो. हेलसिंकी ते टोकियो महावृत्ताने ७,८०० किलोमीटर, आणि ती वाट जवळजवळ सगळी रशियावरून. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं. साडेनऊ तासांचं उड्डाण तेराच्या घरात गेलं आणि फिनएअरची विमानं उत्तर ध्रुवावरून वळसा घेऊन जायला लागली. त्यामुळे सूत्राने अंतर काढलं तरी त्या दोऱ्याखाली कुठले देश येतात हे एकदा डोळ्यांखालून घाला. आकाश बंद असेल तर सूत्राला ते माहीत नसतं.

८८० का, ९०० का नाही? मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पटीने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान साधारण उणे ५६ असतं, तिथे आवाज ताशी १,०६२ किलोमीटर जातो, आणि त्याच्या ०.८५ पट म्हणजे ९०३. ताशी ९०० चा आकडा इथून आला. पण अठरा तास कुणी हाच वेग धरत नाही. हवा आणखी थंड असली की आवाजाचा वेगही उतरतो, आणि इंधन वाचवायला कंपन्या थोडं सावकाश नेतात. सरासरी ८८० धरलं की माझं उत्तर बहुतेक वेळा जमतं.

चाळीस मिनिटं राहिली. टॅक्सीला, म्हणजे गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगत जायला पंधरा-वीस. पलीकडे उतरून गेटपर्यंत पाच-दहा. उरलेली चढण्या-उतरण्यात जातात, कारण तेव्हा वेग कमी असतो. बहुतेक ठिकाणी दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर.

तर भाच्याचा हिशेब. १५,३४५ मध्ये चार टक्के घातले, १५,९५९ झाले. हे ९०० ने भागले तर १७ तास ४४ मिनिटं, म्हणजे वळशात ४१ मिनिटं गेली. ८८० ने भागले तर १८ तास ८ मिनिटं, आणखी २४ गेली. त्यावर जमिनीवरची आणि चढ-उताराची ४०. एकूण १८ तास ४८ मिनिटं. तिकीट १८:४५ म्हणतं. तीन मिनिटं जास्त आली ती माझ्याकडून बक्षीस.

वारा

हे सगळं वारा नसताना. आणि वारा नसतो असं कधी होत नाही.

मध्य अक्षांशांवर, विमानं उडतात त्याच उंचीला, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो. हिवाळ्यात जास्त जोरात. म्हणून लंडन–न्यूयॉर्क जाताना एक वेळ आणि येताना दुसरा. लोक याचं श्रेय पृथ्वीच्या फिरण्याला देतात, ‘खालची जमीन सरकते ना’ म्हणून. जमिनीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही. तसं नसतं तर नुसतं वर जाऊन तरंगत राहायचं आणि खाली हवं ते शहर आलं की उतरायचं, इतकं सोपं झालं असतं.

हिशेबात वारा असा घ्यायचा: पूर्वेला जाताना ८८० मध्ये मिळवा, पश्चिमेला जाताना वजा करा. उत्तर अटलांटिकसाठी मी वर्षभराचे म्हणून ९० धरते. हीथ्रो–जेएफके चार टक्क्यांसकट ५,७६२. पश्चिमेला ७९० ने भागा, चाळीस मिनिटं घाला, ७ तास ५८ मिनिटं. पूर्वेला ९७० ने भागा, ६ तास ३६ मिनिटं. वेळापत्रकात पूर्वेचा वेळ तुम्हाला आणखी वीसेक मिनिटांनी मोठा दिसेल. कंपन्या थोडी गादी घालून ठेवतात, कारण पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर ‘वेळेवर’ म्हणून मोजला जात असला तरी त्यापलीकडे गेला की त्यांची टक्केवारी घसरते. लवकर पोचून गेट रिकामं नाही म्हणून बाहेर उभं राहिलात, की समजा तुम्ही त्या गादीवर बसला आहात.

जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो असं मात्र समजू नका. ५,५४० किलोमीटर, वेग ९००, वारा १२०. पाठीमागून वारा असताना ५ तास २६ मिनिटं, समोरून असताना ७ तास ६ मिनिटं, दोन्ही मिळून १२:३२. वाराच नसता तर १२:१९. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ काढतं, म्हणून त्याचा मारही जास्त वेळ सोसतं.

टोकाचं उदाहरण द्यायचं तर फेब्रुवारी २०२०. ब्रिटनवर कियारा नावाचं वादळ येत होतं आणि जेट स्ट्रीम पिसाळला होता. ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान जेएफकेहून हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. लगेच ‘आवाजापेक्षा जास्त वेग’ अशा बातम्या झाल्या. सभोवतालच्या हवेच्या मानाने ते नेहमीइतकंच जात होतं. हवाच पळत होती. आवाजाच्या पुढे खरोखर जाणारं होतं ते कॉनकॉर्ड. ७ फेब्रुवारी १९९६ ला तेच अंतर त्याने २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापलं.

आणि वाऱ्यासाठी लांबचा रस्ता घेणं हा तर आमचा रोजचा धंदा. सिंगापूर एअरलाइन्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कचं उड्डाण सुरू केलं, तेव्हा अंतर सुमारे १६,७०० किलोमीटर आणि वेळ १८ तास ४५ मिनिटं असं सांगितलं. महावृत्तापेक्षा तेराशे किलोमीटर जास्त! ध्रुवावरून न जाता पॅसिफिकवरून जायचं आणि वारा पाठीशी घ्यायचा. १६,७०० ला ९२० ने, म्हणजे ८८० अधिक ४० वाऱ्याचे, असं भागून चाळीस मिनिटं घाला. १८ तास ४९ मिनिटं. माझा चार टक्क्यांचा नियम आणि हा खरा रस्ता दोन्ही एका मिनिटाच्या फरकाने येऊन भिडतात यात थोडा योगायोग आहे, हे कबूल करते. पण भाच्याला मी तसं म्हटलं नाही.

पडताळणीसाठी विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्याच क्रमांकाचं विमान गेल्या सात-आठ दिवसांत प्रत्यक्ष किती वेळ हवेत होतं ते बघा. पण ऋतू तोच हवा. जुलैचे आकडे बघून जानेवारीचा अंदाज बांधू नका.

घड्याळ

सर्वांत जास्त घोळ अंतरात नाही, घड्याळात होतो. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. त्यांची थेट वजाबाकी कधीही करायची नाही. आधी दोन्ही यूटीसीत, म्हणजे जगाच्या सामाईक प्रमाणवेळेत, आणा.

समजा सिंगापूरहून रात्री ११:३० ला निघालात. सिंगापूर यूटीसीच्या आठ तास पुढे, म्हणजे यूटीसी १५:३०. त्यात १८:४० मिळवा, दुसऱ्या दिवशीचे १०:१० होतात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात चार तास मागे, म्हणजे सकाळचे ६:१०. कागदावर रात्री साडेअकरा ते सकाळी सहा, एखाद्या रातराणीसारखं दिसतं. प्रत्यक्षात बारा तास जास्त.

‘उन्हाळ्यात’ या शब्दावर मी एकदा चांगलीच आपटले. मार्चमधली गोष्ट. मैत्रीण लंडनहून न्यूयॉर्कला निघाली होती, तिच्या भावाने मला विचारलं, विमानतळावर किती वाजता येऊ? लंडन-न्यूयॉर्क पाच तासांचा फरक मला झोपेतही पाठ. दहाला निघणार, आठ तास, म्हणजे लंडनचे सहा, वजा पाच, दुपारी एक. तो बिचारा एकला हजर, विमान दोनला. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनची शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत फरक पाच नसतो, चारच असतो. ऑक्टोबरच्या अखेरीला पुन्हा एक आठवडा तसाच. तासभर ताटकळलेल्या त्या माणसाने मला पुढची कितीतरी वर्षं ‘तज्ज्ञ बाई’ अशी हाक मारली.

ऑकलंड–लॉस एंजेलिसचं तर वर्षात तीन वेगवेगळे फरक होतात: १९, २० आणि २१ तास, कारण न्यूझीलंडचा उन्हाळा अमेरिकेच्या उलटा. शिवाय मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा. फरक १९ चा असताना ऑकलंडहून संध्याकाळी साडेसातला निघा, बारा तास उडा, आणि लॉस एंजेलिसला त्याच तारखेला दुपारी साडेबाराला उतरा. निघण्याच्या सात तास आधी. त्यामुळे तिकिटावर वेळेशेजारी छोटंसं ‘अधिक १’ किंवा ‘उणे १’ असतं ते चष्मा लावून वाचा. हॉटेलच्या तारखा बहुतेक तिथेच चुकतात.

भाच्याला हे सगळं सांगून झाल्यावर परतीचा हिशेब त्यालाच करायला दिला. न्यूयॉर्कहून शुक्रवारी रात्री साडेदहाला निघणार, १८ तास ५० मिनिटं. त्याने उत्तर पाठवलं: ‘शनिवारी पहाटे ५:२०.’ मिनिटं अगदी बरोबर. पण शुक्रवार रात्री साडेदहा म्हणजे यूटीसीत शनिवारचे अडीच वाजलेले, त्यात १८:५० घातले की शनिवार रात्रीचे ९:२०, आणि सिंगापूरचे आठ तास धरले की रविवार पहाट. घड्याळांच्या फरकाने त्याचा अख्खा शनिवार गिळला होता. मी एवढंच लिहिलं: ‘शनिवारी संध्याकाळी कुणाला जेवायला बोलावलं असशील तर आत्ताच कळव.’

दोन मिनिटं काही नाही. मग आलं: ‘मावशी, सहा जणांना.’